अनुभवाच्या रकान्यात ‘निरंक’ लिहू नका

सांजच्या भाकरी झाल्या असतील, नाहीतर तवा अजून चुलीवर असेल. हात चालू द्या, कान तेवढे इकडं द्या. लेकराची वही-पेन्सिल जवळ असेल तर मात्र घेऊन ठेवा, कारण आज मधे काही लिहून घ्यायचं आहे.

आजचा विषय आहे बायोडाटा. हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यापुढं काय येतं? वर ‘श्री गणेशाय नमः’, कोपऱ्यात फोटो, खाली जन्मवेळ, रास, देवक, उंची, वर्ण, आणि शेवटी मामाचं नाव-गाव. आपल्यातल्या कितीतरी जणींचा असा एक कागद कधीकाळी निघालेला आहे. तो आपण लिहिला नव्हता. वडिलांनी नाहीतर थोरल्या भावानं लिहिला. आपल्याला काय काय येतं, ते त्यात एकाच शब्दात उरकलं होतं : ‘गृहकृत्यदक्ष’.

आज बोलायचं आहे ते दुसऱ्या बायोडाट्याबद्दल, कामासाठी लागणाऱ्या. त्याला कुणी सीव्ही म्हणतं, कुणी रिझ्युम. आपल्याकडं तिन्ही नावांचा अर्थ एकच : मी कोण, मला काय येतं, मी आजवर काय केलं, हे एका पानात सांगणारा कागद. हा कागद मात्र आपला आपण लिहायचा.

आधी एक खुलासा. अंगणवाडी, आशा किंवा कुठलीही सरकारी भरती असेल तर तिथं ठरलेला अर्ज असतो. तिथं तोच भरायचा. बायोडाटा लागतो तो पतसंस्थेत, खासगी शाळेत, दवाखान्यात, मेडिकलच्या दुकानात, सामाजिक संस्थेत, शेतकरी उत्पादक कंपनीत, सोलापूर-लातूर-पुण्याच्या कारखान्यात आणि ऑफिसात. तिथं आपण जायच्या आधी आपला कागद जातो. आपल्या तोंडाऐवजी तोच बोलतो.

आता आमचीच एक चूक सांगतो. झाकून ठेवण्यापेक्षा सांगितलेली बरी.

आमच्या एका गटात एक ताई आहेत. बारावी झालेल्या. अकरा वर्षं गटाच्या सचिव. तालुक्याच्या गावी एका ठिकाणी हिशेब लिहिणारी बाई पाहिजे होती. ताई आम्हाला म्हणाल्या, “मला कुठं काय लिहिता येतंय, तुमीच करून द्या.” आम्हालाही घाई होती. कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो. तिथल्या पोरानं दुसऱ्या कुणाचा तरी तयार बायोडाटा उघडला, वरचं नाव बदललं, जन्मतारीख बदलली, छापून हातात दिला. तीस रुपये घेतले. कागद दिसायला झकास. निळी पट्टी, बाजूला फोटो, सगळं इंग्रजीत. आम्ही नीट वाचलाच नाही.

मुलाखतीत समोरच्या बाईंनी विचारलं, “एमएससीआयटी कधी केलंत?” ताईंनी एमएससीआयटी केलेलंच नव्हतं. छंदाच्या रकान्यात क्रिकेट होतं. आणि अनुभवाच्या रकान्यात? तिथं लिहिलं होतं ‘निरंक’. म्हणजे जे नव्हतं ते कागदावर होतं, आणि जी अकरा वर्षं खरी होती ती कागदावर नव्हती. ताई मान खाली घालून बाहेर आल्या. येताना एसटीत आमच्याशी बोलल्या नाहीत. उतरताना एवढंच म्हणाल्या, “खोटी ठरले की मी.”

ते वाक्य आमच्या मनातून जात नाही. त्या दिवसापासून आम्ही समन्वयक मैत्रिणींनी ठरवलं की कुणाचा कागद कुणी परस्पर करून द्यायचा नाही. शेजारी बसायचं, विचारायचं, आणि जिचा कागद तिच्याच तोंडून तो लिहून काढायचा.

लिहायला बसलं की पहिली अडचण येते ती त्याच रकान्यात. “अनुभव काय?” विचारलं की दहातल्या नऊ जणी म्हणतात, “काही नाही. घरीच असते.” मग आम्ही गटाची पंचसूत्री काढतो. ती तर आपल्या सगळ्यांना तोंडपाठ आहे : नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित लेखे. आता ही पाच सूत्रं कामाच्या भाषेत लिहून बघू.

बैठक म्हणजे काय? अकरा बायकांना एका वेळी एका जागी आणायचं, विषय मांडायचे, भांडण लागलं तर मिटवायचं, ठराव करून इतिवृत्त लिहायचं. बचत म्हणजे रोख मोजून घ्यायची, पासबुकात नोंद करायची, बँकेत भरायची. अंतर्गत कर्ज म्हणजे कुणाची गरज आधी, फेडायची ऐपत किती, हे पारखून निर्णय घ्यायचा. परतफेड म्हणजे नातं न तोडता वसुली करायची. हे तर मोठमोठ्या बँकांनाही अवघड जातं. आणि लेखे म्हणजे रोकडवही, कर्जाची नोंद, व्याजाचा हिशेब. हीच कामं कुणी ऑफिसात खुर्चीवर बसून केली असती तर ‘दहा वर्षांचा अनुभव’ म्हणून ठळक अक्षरात लिहिली असती. आपण ओसरीवर, पटकुरावर बसून केली म्हणून ती ‘निरंक’ होतात काय?

आपल्या भागाला ही सवय जुनी आहे, करायचं सगळं आणि लिहायचं काहीच नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवा. गणेश विसर्जन आटोपून लोक झोपले होते आणि भूकंप झाला. किल्लारी लातूरकडं, सास्तूर आपल्याकडं. उमरगा आणि आजच्या लोहारा तालुक्यातली गावंच्या गावं पडली. आमच्यापैकी काहीजणी तेव्हा पाळण्यात होत्या, काहीजणी जन्मल्याही नव्हत्या. आमच्या आयांनी, आज्यांनी सांगितलेलं आम्हाला माहीत. नंतर घरं दुरुस्त आणि मजबूत करायची सरकारी योजना आली. तेव्हा स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकारानं गावोगावच्या महिला मंडळांतल्या बाया ‘संवाद सहायक’ झाल्या. भूकंपात टिकेल असं घर कसं बांधायचं ते त्यांनी घरोघरी समजावलं, कामावर लक्ष ठेवलं, लोकांचं म्हणणं अधिकाऱ्यांपर्यंत नेलं. बांधकाम म्हणजे बाप्यांचं काम, असं मानणाऱ्या गावांत हे घडलं. त्यांच्यातल्या एखादीला आज विचारा, “मावशी, तुम्हाला कामाचा अनुभव काय?” ती म्हणेल, “रानातलं काम, दुसरं काय!”

दुसरं उदाहरण आपल्याच जिल्ह्यातलं. हिंगळजवाडीच्या कमलताई कुंभार. बांगड्या विकण्यापासून त्यांनी सुरुवात केली. पुढं कोंबडीपालनात उतरल्या, सौर दिवे आणि उपकरणं घरोघरी पोचवली, दुसऱ्या बायकांना धंद्याला लावलं. ८ मार्च २०२२ ला राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांना नारीशक्ती पुरस्कार मिळाला. आता बघा, पुरस्कार ही शेवटची ओळ झाली. तिच्या आधीच्या सगळ्या ओळी बांगड्या, कोंबड्या आणि दिव्यांच्या आहेत. त्या ओळी आपल्याकडंही आहेत. आपण त्या लिहीत नाही, एवढाच फरक.

तर घ्या आता वही-पेन्सिल. पानाच्या मधोमध वर आपलं नाव. त्याखाली गाव, तालुका, जिल्हा, मोबाइल नंबर, ईमेल. मग या क्रमानं पाच मथळे लिहा : माझ्याविषयी, अनुभव, कौशल्यं, शिक्षण आणि प्रशिक्षण, भाषा. बस्स. सगळं मिळून एक पान.

‘माझ्याविषयी’ म्हणजे दोन ओळी. मी कोण आणि मला कुठलं काम पाहिजे. “गेली अकरा वर्षं महिला बचत गटाची सचिव म्हणून हिशेब आणि बँकेचे व्यवहार सांभाळते. हिशेबनीस किंवा कार्यालय सहायक म्हणून काम करण्याची इच्छा आहे.” झालं. ‘मी अत्यंत मेहनती, प्रामाणिक आणि जिद्दी आहे’ असं लिहू नका. ते सगळेच लिहितात, त्यातून कुणाला काही कळत नाही.

‘अनुभव’ लिहिताना एक नियम धरा : जमेल त्या ओळीत एक आकडा पाहिजे. किती वर्षं, किती माणसं, किती रुपये, किती जनावरं. “शेळ्यांचं बघते” असं नको. “पशुसखी म्हणून तीन गावांत काम, सुमारे २०० उस्मानाबादी शेळ्यांचं लसीकरण आणि जंतनाशक पाजण्यात मदत” असं लिहा. “शिवणकाम येतं” नको. “२०१९ पासून घरी शिवणकाम, शाळेच्या गणवेशांच्या दोन ऑर्डरी वेळेत पूर्ण केल्या” असं लिहा. ऊसतोडीला जाणाऱ्या एका बाईनं आम्हाला सांगितलं होतं, “मी नुसता कोयता धरते.” खोदून विचारलं तेव्हा कळलं, टोळीतल्या दहा कोयत्यांच्या रोजच्या खेपा तीच वहीत लिहून ठेवायची, कारण टोळीत लिहिता येणारी ती एकटीच होती. मग तिच्या कागदावर ओळ आली : “ऊसतोड टोळीतील १० कोयत्यांच्या रोजच्या खेपांची नोंद आणि हंगामाअखेर हिशेब, ४ हंगाम.” ती ओळ तिनं तीनदा वाचून घेतली.

आकडा मात्र खराच पाहिजे. २०० शेळ्या असतील तर २००, साठ असतील तर साठ. खऱ्या आकड्याबद्दल कुणी काहीही विचारलं तरी आपल्याला उत्तर येतं. खोट्याबद्दल पहिल्याच प्रश्नाला घाम फुटतो. आम्ही ते डोळ्यांनी बघितलंय.

सगळ्यात अलीकडचं काम सगळ्यात वर लिहायचं, जुनं खाली. मधे चार-पाच वर्षं लेकरं लहान म्हणून किंवा सासूबाईंच्या आजारपणामुळं काही करता आलं नसेल, तर “२०१४ ते २०१८ : कुटुंबाची जबाबदारी” अशी एक ओळ लिहा आणि पुढं चला. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

शिक्षणाचंही तसंच. नववी झाली असेल तर ‘नववी उत्तीर्ण’ लिहा. दहावी करायची राहिली म्हणून तो रकाना कोरा सोडू नका. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठात शिकत असाल तर ‘बी.ए. दुसरं वर्ष, शिक्षण सुरू’ असं लिहा. आमच्यातल्याही काहीजणी लग्नानंतर तिथूनच बी.ए. झाल्या. उमेदचं, माविमचं, आरसेटीचं, कृषी विज्ञान केंद्राचं जे जे प्रशिक्षण घेतलं ते वर्षासकट लिहा. प्रमाणपत्रं पत्र्याच्या पेटीत ठेवून उपयोग नाही.

कागद कुणाला द्यायचा आहे, हे एकदा मनाशी ठरवा. याची एक जुनी गोष्ट आहे, दूर इटली देशातली. मोनालिसाचं चित्र काढणारा लिओनार्दो दा विंची. त्यानं १४८२ च्या सुमारास मिलान शहराच्या सत्ताधीशाकडं काम मागायला पत्र लिहिलं. त्यात दहा मुद्दे घातले. हलके पूल बांधतो, तोफा बनवतो, वेढा घातलेल्या किल्ल्याचं पाणी काढतो. आणि चित्रं? ती अगदी शेवटी, ‘चित्रही काढतो’ एवढंच. का? तर त्या राजाला तेव्हा लढाईची गरज होती. म्हणून पतसंस्थेला कागद देताना हिशेब वर आणा, शाळेच्या स्वयंपाकगृहासाठी देताना शंभर माणसांचा स्वयंपाक वर आणा. खोटं काही घालायचं नाही. खऱ्यातलंच काय आधी ठेवायचं, तेवढं निवडायचं.

आता हा मजकूर देखणा कसा करायचा? यासाठी दुकानात तीस रुपये द्यायला नकोत. घरात एक स्मार्टफोन असला म्हणजे झालं. दोन साधनं मोफत आहेत.

पहिलं गुगल डॉक्स. प्ले स्टोअरवरून ते अ‍ॅप घ्यायचं. उघडल्यावर खाली उजव्या कोपऱ्यात अधिकचं चिन्ह दिसतं. ते दाबलं की ‘चूज टेम्प्लेट’ असं येतं. टेम्प्लेट म्हणजे तयार साचा, जसा करंजीचा साचा. सारण आपलं, आकार साच्याचा. त्यात ‘रिझ्युम’ नावाचे साचे आहेत. त्यातला सगळ्यात साधा निवडा. आधीचा इंग्रजी मजकूर पुसून त्या जागी आपला घाला. टाइप करायला जमत नसेल तर कीबोर्डवरचा माइक दाबून मराठीत बोला, ते आपोआप उमटतं. पण नंतर डोळ्यांनी वाचून घ्या. आपलं आडनाव आणि गावाचं नाव ते हमखास चुकवतं.

दुसरं साधन कॅनव्हा. त्यात रंगीत साचे पुष्कळ आहेत. वर शोधायच्या जागी ‘रिझ्युम’ लिहायचं. ज्या साच्यावर छोट्या मुकुटाचं चिन्ह असेल तो पैशाचा, तो सोडा. बिनमुकुटाचा घ्या. काही जाहिरातींत ‘फुकट बायोडाटा बनवा’ असं म्हणतात, सगळं भरून घेतात, आणि शेवटी कागद उतरवून घ्यायच्या वेळी पैसे मागतात. तसं झालं तर सरळ बंद करा. मजकूर आपल्या वहीत आहेच.

काम झालं की कागद पीडीएफ करून ठेवायचा. गुगल डॉक्समध्ये वरच्या तीन टिंबांवर दाबा, ‘शेअर अँड एक्स्पोर्ट’ मध्ये ‘सेव्ह अ‍ॅज’, आणि तिथं पीडीएफ. कॅनव्हात ‘डाउनलोड’ करताना पीडीएफ निवडा. पीडीएफ केलं की दुसऱ्याच्या फोनवर अक्षरं इकडची तिकडं होत नाहीत. फाइलला आपलं नाव द्या. नुसतं ‘न्यू डॉक्युमेंट’ नाव असेल तर पन्नास जणींच्या गर्दीत आपला कागद कुणाला सापडणार?

देखणा कागद म्हणजे रंगीबेरंगी कागद नव्हे. आपण रांगोळी काढतो तेव्हा आधी जमीन सारवतो आणि भोवती मोकळी जागा ठेवतो. तसंच इथं. चारी बाजूंनी बोटभर मोकळा समास. पूर्ण कागदाला अक्षराचं एकच वळण. मराठीसाठी ‘मुक्ता’ नावाचं सुटसुटीत वळण गुगलवर मोफत मिळतं, ते मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटानं केलेलं आहे. नाव मोठं, १८ किंवा २० आकाराचं. मथळे १४, बाकी मजकूर १२. रंग हवाच असेल तर एक, तोही फक्त मथळ्यांना. गडद पट्ट्या, फुलं, वेलबुट्टी, ‘कौशल्य ऐंशी टक्के’ दाखवणाऱ्या पट्ट्या हे सगळं टाळा. आपल्या गावात छपाई काळी-पांढरी असते, गडद पट्टीवरचं नाव झेरॉक्समध्ये दिसतच नाही. आणि मोठ्या कंपन्यांत आधी कॉम्प्युटर कागद वाचतो. दोन-दोन रकाने आणि चित्रं असली की तो गोंधळतो.

फोटो मागितला असेल तरच लावा. मोकळ्या भिंतीपुढं, दिवसा उजेडात, मैत्रिणीकडून काढून घेतलेला. लग्नाच्या फोटोतून कापलेला नको, आणि मोबाइलनं गोरा केलेला तर मुळीच नको. काम रंगाला मिळत नसतं.

मराठीत करायचा का इंग्रजीत? देणाऱ्या ठिकाणची भाषा बघा. गावातल्या संस्थेला मराठी चालतं. पुण्याच्या कंपनीला इंग्रजी लागेल. तरी आधी मराठीतच लिहा, म्हणजे मजकूर आपला राहतो. मग कॉलेजात जाणाऱ्या लेकीला किंवा भाच्याला शेजारी बसवून इंग्रजी करून घ्या. प्रत्येक ओळीचा अर्थ विचारून घ्या. जी ओळ आपल्याला सांगता येत नाही, ती कागदावर ठेवायची नाही.

आता तीन बारीक गोष्टी. दिसायला बारीक, पण काम अडतं ते इथंच.

पहिली, नाव. दहावीच्या प्रमाणपत्रावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. बायोडाट्यावर आधारवरचं नाव लिहा आणि शिक्षणाच्या ओळीत कंसात ‘प्रमाणपत्रावरील नाव’ म्हणून माहेरचं लिहा. विवाह नोंदणीचा दाखला जवळ ठेवा. तो नसेल तर ग्रामपंचायतीत चौकशी करा. काही ठिकाणी नावातला बदल शासनाच्या राजपत्रात प्रसिद्ध केलेला लागतो, तेही विचारून घ्या.

दुसरी, मोबाइल नंबर. कागदावर नंबर कुणाचा? आमच्या एका मैत्रिणीनं मालकाचा नंबर दिला होता. बोलावणं आलं तेव्हा ते ट्रॅक्टरवर होते. आवाजात काही ऐकू आलं नाही, घरी येईपर्यंत विसरले. भांडण नाही, राग नाही, पण संधी गेली. म्हणून नंबर आपला द्या. आपला फोनच नसेल तर घरातल्या दोघांचे नंबर द्या आणि त्यांना आधी सांगून ठेवा : “अनोळखी फोन आला तर उचला, नाव आणि नंबर लिहून घ्या.”

तिसरी, ईमेल. तो आपल्या नावाचा साधा असावा. दुकानदारानं काढून दिला असेल तर पासवर्ड विचारून वहीत लिहून ठेवा. महिन्याभरानं दुकान बदललं की सगळं गेलं.

जपण्याचंही थोडं सांगतो. बायोडाट्यावर आधार क्रमांक, पॅन, बँक खातं लिहायचं नाही. जात, धर्म, वजन, वर्ण यांचीही गरज नाही, तो लग्नाचा कागद होता. तुमचा कागद बघून कुणी फोन केला, “नोकरी पक्की, फक्त नोंदणीचे दोन हजार पाठवा,” तर समजा की फसवणूक आहे. खरं काम देणारा पगार देतो, आधी पैसे मागत नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. काम शोधायला राज्य सरकारचं महास्वयंम आणि केंद्र सरकारचं नॅशनल करिअर सर्व्हिस ही दोन संकेतस्थळं आहेत. दोन्हीकडं नोंदणी मोफत आहे.

आता पुढच्या बैठकीचा गृहपाठ. बचत जमा झाली, वह्या मिटल्या की अर्धा तास राखून ठेवा. दोघी-दोघींच्या जोड्या करा. एकीनं सांगायचं, दुसरीनं लिहायचं. आम्ही हे बऱ्याच गटांत करून बघितलं. स्वतःबद्दल लिहायला हात थबकतो, मैत्रिणीबद्दल लिहायला थबकत नाही. एक म्हणते, “मी काय केलंय?” दुसरी लगेच म्हणते, “आगं, त्या साली बँकेच्या साहेबासंगं भांडून कर्ज कुणी आणलं? लिही की ते!” लिहिता न येणाऱ्या मावशींनी मागं राहू नका. तुम्ही सांगा, सून लिहील, नाहीतर नात लिहील. कामासाठी कागद लागणार नसला तरी सांगा. आपण काय काय केलं ते घरातल्यांना एकदा कळू द्या.

शेवटी, त्या ताईंचं पुढं काय झालं ते सांगतो, नाहीतर तुम्हाला चुटपुट लागून राहील. दीड-दोन महिने त्या आमच्याशी नीट बोलत नव्हत्या. मग एका दुपारी स्वतःच गटाच्या वह्यांचा गठ्ठा घेऊन आल्या, अकरा वर्षांच्या. म्हणाल्या, “आता माज्या तोंडून लिवा.” आम्ही चार तास बसलो. साधा पांढरा कागद झाला, मराठीत. पट्टी नाही, फोटो नाही. कॉम्प्युटरच्या ओळीत त्यांनी लिहायला लावलं : “येत नाही, शिकायची तयारी आहे.”

तो कागद त्यांनी दुसऱ्या एका ठिकाणी दिला. तिथं साहेबांनी विचारलं, “अकरा वर्षांत हिशेब कधी चुकला नाही का?” ताई म्हणाल्या, “चुकला ना. दोनदा. एकदा चाळीस रुपये लागंनात. रात्री अकरापर्यंत बसून हुडकले, मगच वही मिटली.”

त्यांना तिथं काम मिळालं. आज त्या कॉम्प्युटरवर पावत्या करतात. बायोडाट्यातली ‘येत नाही’ ही ओळ आता बदलायला पाहिजे, असं परवा त्याच म्हणाल्या.

तुमच्याही कागदावर अशी एखादी ओळ बदलायची वेळ येवो. पण आधी कागद तर निघू द्या. चला, तवा उतरवा, भाकरी करपेल. पुन्हा भेटू. नमस्कार.